वाढीव पट्टी

ही पट्टी दुकानात मिळत नाही.
हिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा
दहा मिलिमीटर मोठा.
बीड थंड होताना अंग चोरतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा वाढवून करायचा.
कुपवाडच्या फौंड्रीत सव्वीस वर्षं
एवढंच केलं मी.
पंपाची कवचं, उसाच्या चरकाचे दात,
एकदा तर देवळाच्या घंटेची जीभ,
वरच्या साहेबांच्या सासुरवाडीची.

लाल रंग, जिथं बीड राहणार.
काळा, जिथं पोकळी.

फौंड्री काही एका दिवसात बंद पडली नाही.
आधी तिसरी पाळी गेली,
मग कॅन्टीनमधली शनिवारची भजी.
भट्टी आठवड्याला दोनदा, मग अमावस्येसारखी
महिन्यातून एकदा.
मग गेटवर कागद.
नबीलालनं चष्मा आणला नव्हता, म्हणाला, तूच वाच.
'व्यवस्थापनास खेद आहे' इथवर आवाज नीट होता.
पुढं यादी.
माझ्या आडनावातला सुताराचा सु
टायपिस्टनं दीर्घ केला होता,
मीही तो दीर्घच वाचला.

यंत्रं लिलावात गेली, बीड किलोवर.
पॅटर्नरूमच्या पुढं पावतीत लिहिलं : सरपण, तीन ट्रॉल्या.

माघात बाळगोंडाच्या मुलीचं लग्न होतं बुधगावला.
हात धुवायला कार्यालयाच्या मागं गेलो
तर मसालेभाताच्या हंड्याखाली
एकशे चौदा नंबर.
अर्धा जळलेला. काळी बाजू माझ्याकडं.
त्याला मी एकोणीस दिवस घासला होता,
बोट फिरवलं तर सांधा लागू नये म्हणून.
आचाऱ्यानं तो पळीच्या दांड्यानं आत ढकलला.
भात चांगला शिजला होता.
मी दोनदा घेतला.

बिडाला एक टक्का, पितळेला दीड,
पोलादाला दोन, तक्ता अजून पाठ आहे.
घरात दूध अर्ध्या लिटरवर आलं,
बायकोनं भिशी सोडली,
थोरल्यानं पॉलिटेक्निकचा फॉर्म
भरून कपाटावर ठेवला.
याला किती वाढीव धरायचं
ते त्या तक्त्यात नव्हतं.

नबीलाल तासगावच्या शीतगृहात बेदाण्याची खोकी मोजतो,
लोकरीची टोपी घालून, भर मे महिन्यात.
शिवलिंग चाकणला, एका खोलीत सहाजण.
आकारामचा फोन लागतो.
तो उचलत नाही.
कामगार न्यायालयाची पुढची तारीख
दिवाळीनंतरची.

अनुजानं एकदा ही पट्टी शाळेत नेली, न विचारता.
भूमितीच्या बाई फार काटेकोर.
दहा सेंटिमीटरच्या रेघेखाली लाल शाईत :
एक मिलिमीटर जास्त. पुन्हा काढ.
'पप्पा, खोटी आहे का ही?'
मी म्हणालो, नाही गं,
थंड झाल्यावर बरोबर येते.
ती बघत राहिली माझ्याकडं.
मग दुसरी पट्टी मागायला शेजारी गेली.

आता फर्निचरची कामं घेतो.
परवा विश्रामबागेत, चौथ्या मजल्यावर,
देवघराचं सागवानी दार.
हात सवयीनं पिशवीत गेला आणि हीच निघाली.
अर्ध्या मीटरचं दार, पाच मिलिमीटरनं मोठं,
चौकटीत बसेना.
मालकीणबाई चहाचा कप धरून उभ्या,
'मिस्त्री, माप घेतलं होतं ना?'
घेतलं होतं म्हणालो.
रंधा लावला.
साल निघत गेली, पातळ, गोल होत,
त्यांच्या नव्या फरशीवर.
नंतर ती सगळी गोळा केली, चुलीला होते म्हणून,
आणि लिफ्टमध्ये आठवलं
की घरी गॅस आहे.